तळापासून सांगा

सामान हरवलेला माणूस पहिली पाच मिनिटं कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो, हे बाईंना सव्वीस वर्षांच्या नोकरीत पुरतं कळून चुकलं होतं. तो काउंटरवर हात आपटतो, मोठा साहेब कुठे बसतो ते विचारतो, आपली कुठेकुठे ओळख आहे ते ऐकवतो. बाई तेवढा वेळ शांतपणे पेन्सिलीला टोक काढत. मग समोरची खुर्ची पुढे सरकवून म्हणत, "बसा. डोळे मिटा. आता बॅग पुन्हा भरायला घ्या. तळापासून सांगा."

ही बाईंची स्वतःची पद्धत. इतर ठिकाणी विचारतात, बॅगेत काय होतं? माणूस म्हणतो, कपडे. संपलं. कपडे तर जगातल्या सगळ्याच बॅगांत असतात. पण डोळे मिटून तळापासून भरायला लावलं की त्याच माणसाचे हात मांडीवर आपोआप हलायला लागतात. आधी बूट, त्यात कोंबलेले मोजे. वर जाड पँट, तिच्या घडीवर इस्त्रीचा पिवळा डाग. कडेच्या फटीत चार्जर, त्याची वायर रबराने बांधलेली. बाई लिहीत जात, आणि झाकण लावून होईपर्यंत समोरच्याचा रागही घडी होऊन बसलेला असे.

त्यांचं ऑफिस विमानतळाच्या आगमन हॉलमध्ये, चार नंबरच्या बेल्टच्या पलीकडे होतं. एक काचेची खिडकी, तीन भिंतींना लोखंडी रॅक, रॅकवर चुकलेल्या बॅगा. बेल्ट सुरू झाला की टेबलाचे पाय बारीक थरथरत आणि टाचण्यांची डबी आपोआप वाजे. खोलीला रबराचा आणि ओल्या कॅनव्हासचा वास होता. बाईंना नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. लोडरपासून मोठ्या साहेबापर्यंत सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत.

टेबलावर तीन शिक्के होते. "मिळाली", "पोचती केली" आणि "सापडली नाही". पहिल्या दोघांचं रबर झिजून इतक्या वेळा बदललं होतं की मोजदाद नाही. तिसऱ्याचं रबर सव्वीस वर्षांनंतरही दुकानातून आणल्यासारखं गुलाबी होतं. त्याला एकदाही शाई लागलेली नव्हती. नवा माणूस कामावर आला की बाई बोलता बोलता तो शिक्का सहज उलटा करून ठेवत. गुलाबी बाजू दिसली की नवा माणूस विचारायचाच, आणि मग बाई सांगायच्या. बढाई मारायला लाजणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, आणि का लाजावं? सव्वीस वर्षांत एकही फॉर्म हरलेला नाही, हे दुसऱ्या कुणी सांगून दाखवावं.

आणि बाईंनी नाही सांगितलं तर मुकादम सांगायचा. लोडरांचा हा मुकादम बाईंच्याच वयाचा, पोट सुटलेला, जिभेला हाड नसलेला. त्याचा आवडता किस्सा बाईंच्या लेकीचा.

बावीस वर्षांपूर्वी लेक पाच वर्षांची होती. त्या दिवशी तिची शाळा बंद होती म्हणून बाई तिला कामावर घेऊन आल्या होत्या. दुपारी तीन विमानं एकदम उतरली, हॉल माणसांनी फुलला आणि त्या गर्दीत लेक दिसेनाशी झाली. दुसरी आई किंचाळत धावली असती. बाईंनी फॉर्मचं पॅड पुढे ओढलं. पेन्सिल उचलली. बॅगेचाच फॉर्म, दुसरा होता कुठे? तळापासून लिहिलं. लाल बूट, एकाचा पट्टा तुटका. पांढरे मोजे. पिवळा फ्रॉक, खिशाला बदक. खुणांच्या रकान्यात उजव्या कानाखाली तीळ. शेवटी शेऱ्याचा रकाना उरला होता. तिथे एरवी बाई "कुलूप तुटके" वगैरे लिहीत. त्या दिवशी त्यांच्यातली आई पुढे सरसावली आणि तिने लिहिलं: हुशार. धीट. रडत नाही.

"आणि दहा मिनिटांत," मुकादम इथे टाळी वाजवायचा, "दहा मिनिटांत पोरगी चार नंबरच्या बेल्टवर बसलेली! बेल्ट बंद, आणि ही राणीसरकारसारखी मधोमध. डोळ्यात टिपूस नाही. बाईंनी स्वतःची लेकसुद्धा फॉर्म भरून शोधून काढली."

लेक आता सत्तावीस वर्षांची, दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात मोठमोठे बाप्ये रडत, ती कधी नाही. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला तेव्हा रडली नाही, आजी गेली तेव्हा रडली नाही. आमची मुलगी पोलादी आहे, असं बाई शेजारणींना सांगत तेव्हा त्यांची मान आपोआप दोन बोटं उंच होई.

शुक्रवारी चार वाजता बाईंचा निरोपसमारंभ होता. सोमवारी टेबलावर एकच फॉर्म शिल्लक राहिला होता. तो घड्याळजीचा.

घड्याळजी म्हणजे सत्तरीचा, किडकिडीत, हळू बोलणारा माणूस. मुलाकडे जाऊन परत येताना त्याची हत्यारांची बॅग आलीच नव्हती. त्याने हात आपटला नाही, साहेब मागितला नाही. फक्त म्हणाला, "मॅडम, चाळीस वर्षांचं काम आहे त्यात. नवी हत्यारं घेता येतात हो, पण माझा हात नवा घेता येत नाही." बाईंना माणूस आवडला. त्यांनी खुर्ची सरकवली.

त्याने डोळे मिटून तळापासून बॅग भरली. चामड्याचा तुकडा. पितळी डबीत बारीक स्क्रू ड्रायव्हर, सात. दोन चिमटे. डोळ्याला लावायचं भिंग, कडेला टवका. त्यावर सुती फडक्यात गुंडाळलेला चिमटा. मग तेलाची कुपी. बाईंनी एकेक वस्तू ओळीने लिहून घेतली.

मंगळवारी सकाळी बॅग चार नंबरच्या बेल्टवर होती. टॅग नव्हता, पण बाकी सगळं फॉर्मबरहुकूम. बाईंनी "मिळाली" असा ठसठशीत शिक्का मारला आणि घड्याळजीला फोन केला. चला, निवृत्तीआधी पाटी कोरी झाली.

घड्याळजीने काउंटरवरच बॅग उघडली. एकेक वस्तू काढून हाताने तोलून पाहिली आणि फडकं सोडताना थांबला.

"चिमटे तीन आहेत," तो म्हणाला.

"तीनच लिहिलेत तुम्ही. दोन खाली, एक फडक्यात."

"फडक्यातला त्या दोघांतलाच. घाईत दोनदा सांगितला असेन. माझ्याकडे दोनच चिमटे, कायम."

"मग एखादा कुणाचा तरी आला असेल."

घड्याळजीने तिसरा चिमटा बोटांत धरला. त्याचा अंगठा थोडा वाकडा होता, जुन्या जखमेने. चिमट्याच्या पात्यावर तसाच वाकडा खळगा पडलेला होता. अंगठा त्यात बरोबर जाऊन बसला.

"असा खळगा पडायला चाळीस वर्षं लागतात," तो म्हणाला. "माझाच आहे हा. पण माझ्याकडे नव्हता."

त्याने सही केली आणि बॅग उचलून गेला. बाईंनी म्हाताऱ्याचा विसराळूपणा म्हणून विषय सोडून दिला. तरी मनात शंकेची पाल चुकचुकलीच. दुपारी डबा खाताना त्यांनी नकळत आपला अंगठा चमच्यावर कुठे बसतो ते पाहिलं.

बुधवारी पलीकडच्याचा फोन आला. पलीकडचा म्हणजे दूरच्या विमानतळावरचा, बाईंचंच काम करणारा माणूस. अठरा वर्षं दोघं फोनवर बोलत होते आणि एकदाही भेटले नव्हते. "बाई, तुमची एक बॅग आमच्या गोदामात मागे सरकून पडली होती. हत्यारांची. टॅग तुमचाच आहे. संध्याकाळच्या विमानाने पाठवतोय."

"आमची एकही बाकी नाही," बाई तोऱ्यात म्हणाल्या.

"टॅग तर तुमचाच आहे."

बॅग आली. टॅगवर घड्याळजीचं नाव होतं, नंबर फॉर्मवरचाच होता. आत चामड्याचा तुकडा, सात स्क्रू ड्रायव्हर, टवका उडालेलं भिंग. चिमटे दोन. एक फडक्यात, एक बाहेर. दोन्हींवर वाकडा खळगा.

मुकादमाने डोकं खाजवलं. "मग काल गेली ती कुणाची?"

बाईंनी बॅगेचं झाकण लावलं. गुरुवारी सकाळी त्यांनी घड्याळजीला बोलावून घेतलं. तो आला, दुसऱ्या बॅगेकडे बराच वेळ पाहत राहिला, पण तिला हात लावला नाही.

"खरी तुमची ही आहे," बाई म्हणाल्या. त्यांना हे वाक्य तोंडातून काढताना फार जड गेलं. "ती परत आणून द्या."

"काल मी त्या हत्यारांनी तीन घड्याळं उघडली, मॅडम. हात जरासुद्धा अडखळला नाही." त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "माझी बॅग घरी आहे. ही कुणाची ते तुम्ही शोधा. तुमचं कामच आहे ते."

तो गेला. टॅग लावलेली, नाव असलेली, मालक जिवंत असलेली बॅग मागे राहिली. ती कुठल्या रकान्यात लिहायची ते बाईंना कळेना. शेवटी त्यांनी ती रॅकवर ठेवून दिली.

दुपारी त्यांनी खालच्या खणातली कौतुकाची फाईल काढली. आभाराची पत्रं त्या तिच्यात लावून ठेवत आणि वाईट दिवस आला की एखादं वाचत. आता त्या ती पत्रं पहिल्यापासून वाचत सुटल्या. एका वादकाने लिहिलं होतं: व्हायोलिन सुखरूप मिळालं, तुमचे उपकार विसरणार नाही. एक तार नेहमी उतरायची, ती आता उतरत नाही. दुरुस्त केलीत की काय? एका आजींनी लिहिलं होतं: स्वेटर मिळाला, तोच आहे, फक्त धुतल्यावरही त्याला आमच्या घराचा वास येत नाही, पण येईल हळूहळू. कुणी लिहिलं होतं: डायरीत माझंच अक्षर आहे, काही पानं लिहिल्याचं मात्र आठवत नाही, वय झालं. खाली आभार, आशीर्वाद, लफ्फेदार सह्या.

ही सगळी पत्रं बाईंना जवळपास पाठ होती. त्यांतल्या या ओळींवरून त्यांची नजर आजवर कशी घसरत गेली होती, याचं त्यांना नवल वाटलं.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा नवरा खिडकीत बसून चित्र रंगवत होता. तो शाळेत चित्रकलेचा मास्तर होता, आता निवृत्त. बोलायचा कमी, बघायचा जास्त.

"अहो," बाई पर्स खांद्यावरून न उतरवताच म्हणाल्या, "तिचा तीळ कुठल्या कानाखाली होता?"

"होता म्हणजे? आहे की. उजव्या."

"आधी?"

त्याने ब्रश पाण्यात बुडवला आणि तिथेच सोडला. "आधी डाव्या. मी तेव्हाच म्हटलं होतं तुला. रोज तिची वेणी मी घालायचो. तू मला फॉर्म आणून दाखवलास. म्हणालीस, लिहिलेलं चुकत नसतं."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"घरात आलेली पोर आपलीच होती. तेवढं मला पुरेसं होतं."

बाई भिंतीवरच्या फोटोपाशी गेल्या. लेकीच्या चौथ्या वाढदिवसाचा फोटो. त्यात तीळ डाव्या कानाखाली होता, आणि त्यावरून बाई फोटोवाल्याशी कडाकडा भांडल्या होत्या. मेल्याने निगेटिव्ह उलटं धरलं, असं त्या आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आज त्यांनी लेकीकडे नाही, तिच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावरचे आकडे सरळ होते.

फोटो उलटा नव्हता.

"रडायची का हो ती? त्याआधी?"

"रडायची का?" नवरा पहिल्यांदाच जरा हसला. "सकाळ-संध्याकाळ भोंगा असायचा आपल्या घरी. तुला आठवत नाही म्हणजे कमालच आहे."

बाईंनी आठवून पाहिलं. डोळे मिटले, तळापासून सुरुवात केली. लाल बूट, पांढरे मोजे, पिवळा फ्रॉक. शेऱ्याच्या रकान्यापाशी आल्यावर त्यांना रडणं आठवेना. तिथे फक्त त्यांचं स्वतःचं अक्षर दिसत होतं.

शुक्रवारी चार वाजता ऑफिसात दाटीवाटीने माणसं उभी होती. चहा होता, बिस्किटं होती, मोठ्या साहेबाचं भाषण होतं. बाई ताठ उभ्या होत्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण निळ्या कोटाची सगळी बटणं लावलेली होती. साहेब म्हणाला की सव्वीस वर्षांत एकही फॉर्म न हरलेलं असं ऑफिस दुसरं नसेल. टाळ्या झाल्या. बाईंची मान तशाही अवस्थेत दोन बोटं वर गेली. ते खोटं नव्हतं ना.

लेक दवाखाना लवकर बंद करून आली होती. दारात उभी राहून ती आईकडे डोळे भरून पाहत होती, म्हणजे कोरडेच, पण अगदी मनापासून. या मुलीने आजारपणात आपलं डोकं किती रात्री चेपलं आहे, ते बाईंना आठवलं. पोटातून माया दाटून आली.

"आणि हे आमच्या लोडर मंडळींकडून!" मुकादमाने कागदात बांधलेली चौकट पुढे केली. "जुन्या कपाटातून शोधून काढलाय. सापडेना म्हटलं तर तळापासून शोधला."

सगळे हसले. बाईंनी कागद फाडला. काचेमागे बावीस वर्षांपूर्वीचा फॉर्म होता.

त्यांनी तो वाचला. खुणांच्या रकान्याखाली बारीक अक्षरांत नेहमीची सूचना छापलेली होती: सर्व खुणा पाहणाऱ्याच्या बाजूने लिहाव्यात. हा नियम बाई नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवत. बॅगेला स्वतःची डावी-उजवी नसते, आपण समोर उभं राहून जे दिसतं ते लिहायचं. त्या दिवशीही त्यांनी डोळ्यांपुढे उभ्या असलेल्या मुलीचं जसं दिसलं तसं लिहिलं होतं. समोरच्या मुलीच्या डाव्या कानाखालचा तीळ पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो.

नोंद नियमाने होती. चूक कुठेच नव्हती.

मग त्यांचं लक्ष तळाशी गेलं. मिळाल्याची सही, तारीख, शिक्का. तिन्ही रकाने कोरे होते. लेक मिळाल्याच्या आनंदात फॉर्म बंद करायचाच राहून गेला होता.

सव्वीस वर्षांत एकच फॉर्म उघडा होता, आणि तो हा.

माणसं पांगली. मुकादम कप गोळा करून घेऊन गेला. लेक खुर्ची ओढून बसली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"बाई, पलीकडून बोलतोय. आज शेवटचा दिवस ना? अभिनंदन. एक विचारायचं होतं." त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मागे कुणीतरी रडत होतं, हुंदके देऊन, हात-पाय झाडत असावं तसं. "आमच्या बेल्टवर एक मुलगी सापडलीय. पाचेक वर्षांची. कुठल्या विमानातून आली, कळत नाही."

बाईंनी टेबलाची कड धरली.

"नाव सांगत नाही. तिला आईच्या ऑफिसचा नंबर पाठ आहे म्हणते, पण तो सहा आकडी आहे. असे नंबर आता नसतात. आई काय करते विचारलं तर म्हणते, हरवलेलं सामान शोधते. म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं."

"बूट?"

"लाल. एकाचा पट्टा तुटलाय."

"तीळ आहे का?"

"आहे. तिच्या डाव्या कानाखाली."

रडणं वाढलं. खोलीत ते स्पष्ट ऐकू येत होतं. लेकीने मान वर केली.

"कोण रडतंय गं, आई?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. बावीस वर्षं. शाळेच्या वह्या, मोडलेला हात, पहिला पगार. घड्याळजीने दोन्ही हात पाठीमागे का घेतले होते ते त्यांना आता समजलं.

"जुळतंय का, बाई? पाठवू?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आमची नाही."

त्यांच्या स्वतःच्या कानांना ते वाक्य परकं वाटलं. आयुष्यात ते त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. पलीकडे रडणं चालूच होतं, आणि ते ऐकून त्यांच्या छातीत बावीस वर्षांपूर्वीचं काहीतरी हललं. हाच भोंगा. आता त्यांना तो आठवला.

पोरीला तसंच सोडणं त्यांना जमेना.

"ऐका," त्या हळू म्हणाल्या. "तिला खुर्चीत बसवा. डोळे मिटायला सांगा. फॉर्म घ्या, आणि तिच्या आईचं वर्णन लिहा. ती सांगेल तसंच. तळापासून."

"बॅगेच्या फॉर्मवर?"

"बॅगेच्याच."

फोन ठेवला. बाईंनी टोक असलेल्याच पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं. लेक समोर बसून होती. ती कधीच फार विचारत नसे.

दहा मिनिटांनी फोन वाजला.

"बाई, कमाल झाली!" पलीकडचा मोकळा वाटत होता. "आई सापडली. बेल्टपाशीच उभी होती. पस्तीस-छत्तिशीची, निळा कोट, सगळी बटणं लावलेली. पोरगी सांगत होती अगदी तशीच. मुलगी गप्प झाली एकदम. पद्धत तुमची, मानलं बुवा."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच बरं वाटलं. क्षणभर तो जुना अभिमानही वाटला.

"ती आई मोठी कडक होती हं. सही करायच्या आधी प्रत्येक रकाना तपासला. मुलीने शेऱ्यात लिहायला लावलं होतं ना, ते वाचून मात्र हसली."

"काय लिहायला लावलं होतं?"

"आईला सगळं सापडतं."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"मग मला विचारलं, हिच्याबद्दल आधी कुठे नोंद झालीय का? मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाली, एक फॉर्म तिकडे उघडा आहे. तो बंद करायला हवा. मुलीला घेऊन निघालीसुद्धा."

"कुठे?"

"तुमच्याकडेच की."

बाईंनी फोन ठेवला. काचेच्या खिडकीतून आगमनाचा फलक दिसत होता. पलीकडून येणारं विमान सहा वीसला होतं. बेल्ट चार. वेळेवर.

सव्वीस वर्षांत बाईंनी पहिल्यांदाच एखाद्या विमानाला उशीर व्हावा असं मनात आणलं.

येणारी बाई कशी वागेल हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ती आवाज चढवणार नाही. साहेब मागणार नाही. फॉर्म पुढे घेईल आणि वस्तू दाखवा म्हणेल.

"आई, मी थांबते," लेक म्हणाली. फोनवरचं सगळं तिनेही ऐकलं होतं; आवाज नेहमीसारखाच शांत होता.

ती खुर्चीतून उठली. भिंतीकडे गेली, आणि रॅकपाशी, घड्याळजीच्या बॅगेच्या शेजारी पाठ टेकून उभी राहिली. मग तिने उजव्या कानावरचे केस नीट मागे खोचले, खूण समोरून दिसेल असे.